जांभई आणि पंचाची प्रार्थना

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात ख्रिस्ती मंडळींची चाळीसएक घरे होती, काळ्या दगडाचे एक चर्च होते आणि नहेम्या पाटोळे नावाचा एक पंच होता. पंच म्हणजे चर्चच्या कारभारातला मानाचा माणूस. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तालुक्याला राहत आणि महिन्यातून एका रविवारी एसटीने येत. उरलेले रविवार नहेम्याच्या ताब्यात असत.

नहेम्या प्रार्थनेसाठी प्रसिद्ध होता. आवाज भरदार, शब्द वळणदार. एकदा सुरू झाला की वीस-बावीस मिनिटे कोठे अडत नसे. बाप्तिस्मा असो, लग्न असो, नव्या विहिरीचे पाणी असो, आजाऱ्याची खाट असो, नाहीतर कोणाला माती द्यायची असो, बोलावणे नहेम्याला जाई. प्रत्येक प्रसंगाची प्रार्थना त्याच्यापाशी तयार होती. तरुणपणी त्याने त्या एकापाठोपाठ एक बसवल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांतला एक शब्दही हलवला नव्हता. नावे विसरायला होतात म्हणून नावांना त्याने जागाच ठेवली नव्हती. कोणीही असले तरी प्रार्थनेत ते 'तुझे हे लेकरू' असे. ऐंशी वर्षांची म्हातारीही लेकरू. योएल वाघचौरेचा बैल आजारी पडला तेव्हा बैलासाठी वेगळी प्रार्थना तयार नव्हती, म्हणून नहेम्याने माणसाचीच लावली. बैल चार दिवसांनी उठला. तेव्हापासून योएल नहेम्याचा शब्द खाली पडू देत नसे.

एका रविवारी, उन्हाळ्याच्या दिवसांत, भर प्रार्थनेत नहेम्याला जांभई आली.

जांभई मोठी होती. पंचाने प्रार्थनेत जांभई देणे शोभत नाही, म्हणून त्याने ओठ गच्च मिटून घेतले. जांभई आतल्या आत जिरली. आणि मग त्याच्या लक्षात आले की प्रार्थना थांबलेली नाही.

त्याने डोळे उघडले. त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, रिकाम्या हवेतून त्याचाच आवाज येत होता. तोच चढ, तोच उतार, मध्येच गहिवरायची तीच जागा. त्याने छातीवर हात ठेवून पाहिले. छाती शांत होती. समोर सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून बसली होती. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. त्यामुळे प्रार्थना करणाऱ्याचे तोंड कोणी पाहत नाही.

आवाजाने शेवट केला. मंडळी 'आमेन' म्हणाली. नहेम्याही म्हणाला. योएल दारात भेटला आणि हात जोडून म्हणाला, "सलाम, पंचसाहेब. आज तर कमालच केलीत."

त्या दुपारी नहेम्याला जेवण गेले नाही. दुसऱ्या रविवारी तो घाबरत घाबरत उभा राहिला आणि मुद्दामच तोंड उघडले नाही. आवाज वेळेवर सुरू झाला. तिसऱ्या रविवारी नहेम्या खुर्चीवर बसून राहिला. चौथ्या रविवारी तो मधल्या वेळात बाहेर जाऊन चर्चच्या भिंतीला तोंड लावणाऱ्या शेळ्या हाकलून आला. परत आला तेव्हा आवाज राज्यकर्त्यांसाठी विनंती करत होता. म्हणजे अजून सहा मिनिटे होती. माणसाला कशाचीही सवय होते. आणि जी भीती आपले काम परस्पर करून टाकते, तिची सवय तर फारच लवकर होते.

मग एके दिवशी सकाळी नहेम्या गिरणीतून दळण घेऊन येत होता. वाटेत योएलने अडवले.

"पंचसाहेब, हे काय? पहाटे दारात आलात, नातवासाठी प्रार्थना केलीत आणि चहाही न घेता गेलात."

"मी? मी आलो होतो?"

"मग काय तर! पोराचा ताप उतरला की."

"तुला मी दिसलो?"

"दिसणार कसे? आम्ही डोळे मिटले होते ना. उघडले तर तुम्ही गेलेले."

"अरे, पण मग मीच होतो कशावरून?"

योएल हसला. "आता तुमची प्रार्थना आम्हाला ओळखू येणार नाही होय? शब्द न् शब्द तोच."

नहेम्याने दळण दुसऱ्या खांद्यावर घेतले. पण घरी पोचेपर्यंत त्याने विचार केला की दळणही झाले आणि प्रार्थनाही झाली, यात नुकसान कोणाचे?

यानंतर आवाज गावभर फिरू लागला. भर दुपारी शिवारात कोणी नसताना बांधावरून लग्नाची प्रार्थना ऐकू येई. गावाबाहेर एक विहीर होती, ती कधीच दगडमातीने बुजवलेली. एकदा नहेम्या तिथून जात होता. बुजलेल्या विहिरीच्या काठावर त्याचा आवाज उभा होता आणि भरपूर गोड पाण्याबद्दल देवाचे आभार मानत होता. गहिवरायची जागा आली तेव्हा तो गहिवरलाही. आजूबाजूच्या झाडांवर एकही पाखरू नव्हते. नहेम्याने पाऊल उचलले आणि घर येईपर्यंत मागे पाहिले नाही.

घरात त्याची बायको होती, सुवार्ता. बासष्ट वर्षांची, गुडघ्यांनी अधू, जिभेने नाही. त्या रात्री जेवण वाढता वाढता ती म्हणाली, "एक विचारू? रविवारी प्रार्थना चालू होती आणि तुम्ही तोंड मिटून खुर्चीत बसला होतात."

नहेम्याचा घास हातातच राहिला. "तू प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतेस?"

"मिटले की झोप येते. तुमची प्रार्थना काय लहान असते का?"

"पंचाची बायको असून!"

"पंचाची बायको आहे, म्हणून तर बाहेर कोणाला बोलले नाही. मला भीती वाटते हो. तो आवाज तुमचा आहे, पण त्यात तुम्ही नसता. आणि खरं सांगू? आधीही कुठे असायचात?"

नहेम्या ताटावरून उठला. त्याने अबोला धरला. चाळीस घरांच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस, पण स्वतःच्या घरात मीठ मागण्यापुरतेही तोंड उघडेना. सुवार्ताने दोन दिवस बोलून पाहिले. मग तीही गप्प झाली. घरात भांड्यांचे तेवढे आवाज होत.

पाचव्या दिवशी सकाळी सुवार्ता अंथरुणातून उठली नाही. अंग भट्टीसारखे तापले होते. श्वास घेताना छातीत घरघर होत होती. डॉक्टर मोटारसायकलवरून आले, इंजेक्शन दिले आणि दारात नहेम्याला बाजूला घेऊन म्हणाले, "छातीत कफ दाटलाय. दुपारचे चार-पाच तास कठीण आहेत. हलवण्यासारखी अवस्था नाही. पाहू."

डॉक्टर गेले. नहेम्या खाटेशी येऊन बसला. सुवार्ताचे डोळे मिटलेले होते आणि ओठ कोरडे पडले होते. त्याने तिचा हात हातात घेतला. पाच दिवसांत पहिल्यांदाच. तिला हाक मारावी असे त्याला वाटले, पण पाच दिवसांच्या अबोल्यानंतर हाक फुटेना. मग प्रार्थना करावी म्हणून त्याने तोंड उघडले.

आवाज उंबऱ्यातून सुरू झाला.

आजाऱ्याची प्रार्थना होती ती. नहेम्याच्या सगळ्या प्रार्थनांत तिचे फार नाव होते. 'तुझे हे लेकरू' आले. 'वेदनेच्या या शय्येवर' आले. बातमी कळून योएल आणि शेजारच्या बायका अंगणात जमल्या होत्या. आवाज ऐकताच त्यांनी डोके झाकून घेतले, डोळे मिटले आणि बरे वाटून सुस्कारे सोडले. पंचसाहेब स्वतः प्रार्थना करताहेत म्हटल्यावर आता काळजी नाही.

नहेम्या आयुष्यात पहिल्यांदा ती प्रार्थना ऐकत होता. ऐकता ऐकता तो सुवार्ताला त्या शब्दांत शोधू लागला. लेकरू होते, शय्या होती, वैद्यांना बुद्धी दे हेही होते. सुवार्ता कोठेच नव्हती. हेच शब्द योएलच्या बैलालाही लागले होते.

प्रार्थना संपली. अंगणातून 'आमेन' आले. सवयीने नहेम्याच्याही तोंडून 'आमेन' गेले.

तेवढे म्हणण्याचाच अवकाश होता. आवाज क्षणभर थांबला आणि पुढची प्रार्थना सुरू झाली.

नहेम्याने त्या प्रार्थना तरुणपणी एकापाठोपाठ एक पाठ केल्या होत्या. बाप्तिस्म्याची, लग्नाची, विहिरीची, आजाऱ्याची. आजाऱ्याच्या पुढची मातीची होती.

"तुझे हे लेकरू आम्ही तुझ्या हवाली करत आहोत," आवाज म्हणाला. स्वर बरोबर त्या प्रसंगाला शोभेल इतका खाली आला होता.

अंगणातल्या बायकांनी डोळे न उघडताच पदर तोंडाला लावले. एकीने हुंदका दिला, तसा बाकीच्यांनीही दिला. योएल दाराबाहेरून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पंचसाहेब, वहिनी गेल्या का हो? कुदळ-फावडी घेऊन माणसं पाठवू?"

घरात वहिनी श्वास घेत होती. पण आवाजाच्या एकेका वाक्यानिशी तो श्वास लहान होत चालला होता. जणू ती आज्ञाधारकपणे ऐकत होती.

"थांब," नहेम्या म्हणाला. आवाज थांबला नाही. नहेम्या उठला, उंबऱ्याशी गेला आणि जिथे तोंड असावे तिथे त्याने हात दाबून धरला. हाताला गार वारा लागला. पंज्यातून, बोटांच्या फटींतून शब्द येतच राहिले. शांत, वळणदार, एकही न अडखळणारे. अजून नऊ मिनिटे होती. त्याला अगदी नेमके ठाऊक होते.

तो परत खाटेशी आला. धडपडत खाली बसला, गुडघे टेकायचेही त्याला सुचले नाही. आणि त्याच्या तोंडून आवाज फुटला. पाच दिवस न वापरलेला, चिरका, ओळखू न येणारा.

"देवा. मी नहेम्या. तुझी माझी ओळख आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी तुझ्याकडे तोंड करून लोकांना ऐकवत होतो."

तो अडला. पुढचा शब्द तयार नव्हता. त्याने नाक पुसले.

"ही सुवार्ता. लेकरू-बिकरू नाही. माझी बायको आहे. गुडघे दुखतात तिचे. चहात साखर जास्त घालते. पाच दिवस मी बोललो नाही हिच्याशी. का, तर तिनं पाहिलं ते खरं होतं, म्हणून. चूक माझी होती. मला तिला सांगायचंय रे ते. तेवढं सांगू दे. सांगितलं की मग..." तो पुन्हा अडला आणि घाईघाईने म्हणाला, "नाही, मग पण नको. नेऊच नको. मला भीती वाटते. मला घरात त्या आवाजाबरोबर एकट्याला ठेवू नको."

पुढे काय म्हणाला ते त्याचे त्यालाही आठवले नाही. बरेचसे तेच तेच होते. व्याकरण नव्हते, शेवट नव्हता. 'आमेन' म्हणायचे राहूनच गेले. मध्येच केव्हातरी उंबऱ्यातला आवाज थांबला होता. तो नेमका कधी थांबला, हे त्याच्या लक्षातही आले नाही. अंगणातल्या बायकांच्या मात्र आले. त्या डोळे उघडून एकमेकींकडे पाहू लागल्या. आतून कोणी परका माणूस रडतो आहे असे त्यांना वाटले.

ऊन कलले तेव्हा सुवार्ताच्या कपाळावर घाम आला. घरघर कमी झाली. तिने डोळे किलकिले करून नवऱ्याकडे पाहिले आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "साखर मी बरोबरच घालते."

डॉक्टर संध्याकाळी आले आणि इंजेक्शन लागू पडले असे म्हणाले. नहेम्याने मान डोलावली. देवाला इंजेक्शन चालत नाही असे त्याने कोठे वाचले नव्हते.

तीन आठवड्यांनी पाळकसाहेबांचा रविवार आला. सुवार्ता काठी टेकत चर्चला आली. पाळकसाहेबांनी नहेम्याला प्रार्थनेसाठी पुढे बोलावले. मंडळी ऐसपैस बसली आणि डोळे मिटून वाट पाहू लागली. नहेम्या उभा राहिला. त्याने एकदा समोरच्या हवेकडे पाहिले. तिथे काही नव्हते. मग तो अडखळत तीन वाक्ये बोलला. त्यांतले एक अर्धेच राहिले. दोन नावे घेतली, आणि तो खाली बसला.

मंडळीत चुळबूळ झाली. योएल मागून वाकला आणि कुजबुजला, "पंचसाहेब, तब्येत बरी नाही का? पोट भरलं नाही आज. सुरू झाली म्हणेपर्यंत संपली."

यानंतर प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळ्यांनी एकसुरात म्हणायची होती. पाळकसाहेबांनी सुरुवात केली. सगळे चर्च घुमू लागले. नहेम्याला काय वाटले कोण जाणे, त्याने डोळे उघडून मागे पाहिले.

योएलचा आवाज खणखणीत लागला होता. योएलचे तोंड बंद होते. त्याच्या शेजारच्याचेही. पुढच्या बाकावरच्या तिघी जणींनी ओठ मिटलेले होते आणि त्यांच्या डोक्यांवर, वीतभर वर, तीन बायकांचे आवाज शब्दाला शब्द जुळवून चालले होते. एक जण मनातल्या मनात कसला तरी हिशेब जुळवत बोटे मोजत होता. एकाला झोप लागली होती, आणि त्याचा आवाज सगळ्यांत गोड होता. नहेम्याने नजर फिरवली ती थेट वेदीकडे गेली. तिथे पाळकसाहेबांचे डोळे उघडे होते. ते नहेम्याकडेच पाहत होते. त्यांचेही ओठ हलत नव्हते.

उपासना संपली. मंडळी पांगली. पाळकसाहेब दाराला कुलूप लावत असताना नहेम्या पायरीवर थांबला. खालच्या पायरीवर सुवार्ता दम खात बसली होती.

"पाहिलंत?" पाळकसाहेबांनी विचारले.

"पाहिलं."

"मी अकरा वर्षं पाहतोय. पहिल्यांदा मलाही रात्ररात्र झोप आली नाही. मग सवय झाली."

"आणि तुमचा आवाज?"

पाळकसाहेबांनी मानेनेच दाराकडे खूण केली. बंद दारामागून, रिकाम्या बाकांना उद्देशून, त्यांचा आवाज आशीर्वाद देत होता. सावकाश, स्पष्ट आणि फार सुंदर.

"तुमचा कसा गेला?" पाळकसाहेबांनी खाली पाहत विचारले.

"मी काही केलं नाही, साहेब," नहेम्या म्हणाला. "चूक कबूल केली. मला प्रार्थना नीट करता आली नाही, पण केली."

"अहो, रडत होते ते," सुवार्ता खालून म्हणाली. "नीट कशाला करायला हवी?"

तालुक्याची एसटी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवू लागली. रविवारची ती एकच गाडी होती. पाळकसाहेबांनी गाडीकडे पाहिले, हातातल्या किल्लीकडे पाहिले. मग त्यांनी कुलूप उघडले, आत गेले आणि दार ओढून घेतले.

गाडी गेली. आशीर्वाद थोडा वेळ चालू राहिला. मग एका शब्दाच्या मध्यावरच तो थांबला. चर्चमध्ये इतकी शांतता झाली की सुवार्ताने नवऱ्याचा हात धरला. ती दोघे पायरीवर तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने आत कोणीतरी नाक ओढले आणि अगदी हळू, चाचपडत, बोलायला सुरुवात केली.

नवराबायको उठली आणि आवाज न करता पायऱ्या उतरली. ते बोलणे त्यांच्यासाठी नव्हते.

तात्पर्य: ज्या प्रार्थनेत मन नाही, ती माणसावाचूनही उत्तम चालते, देवापर्यंत मात्र माणसाला स्वतःच जावे लागते, मग तो अडखळत का जाईना.